व्हीलचेअरची लाज कशाला?

डिसेंबरात मी दुबईत, मुहैस्नाहला लेकीकडे होते. नाताळच्या सुट्टीत नातवंडांना ‘आयएमजी वर्ल्ड्स’ला जायचे होते. हे थीम पार्क छपराखालचे, वातानुकूलित. पण तब्बल १५ लाख चौरस फुटांचे! आदल्या वर्षी अशाच एका गर्दीत माझे जेवण लांबले, साखर उतरली. घाम फुटला, हात थरथरले आणि मुलांची मजा तिथेच संपली.

या वेळी बेत मीच आखला. शनिवारी आपला शब्बाथ, तिथे सुट्टीची गर्दी. म्हणून मंगळवार निवडला. लाज न धरता व्हीलचेअर घेतली. पर्समध्ये गोळ्या, ग्लुकोज, पाणी. बरोबर एकला जेवण, मग तासभर विसावा. मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावे: थरथर जाणवताच आधी साखर, मग विचारपूस.

चारला निघालो. नातू म्हणाला, “आजी, उद्या पुन्हा?”