पाठ न लागता झालेला पराभव

परभणी जिल्ह्यातल्या गावजत्रेत कुस्त्यांचा फड रंगला की हजारो डोळे एकाच गोष्टीवर खिळतात: खालच्या पैलवानाची पाठ. ती मातीला लागली रे लागली की हलगी कडाडते. पंचांनी हात वर करण्याआधीच लोकांनी निकाल देऊन टाकलेला असतो. कुठली कुस्ती कोणत्या डावावर निघाली, हे वीस-वीस वर्षांनी बिनचूक सांगणारी माणसं गंगाखेड-जिंतूरकडे सहज भेटतात. सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे वाद उरत नाही.

पण पैलवान हरला तो लघवीच्या नमुन्यात, तर? तो पराभव लोक कसा लक्षात ठेवतात?

नरसिंग यादव हे त्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ठळक उदाहरण. मुंबईत वाढलेला हा मल्ल 2011, 2012 आणि 2013 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला सुवर्ण मिळालं होतं. 2015 च्या जागतिक स्पर्धेत 74 किलो गटात कांस्य मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकची जागा देशाला आणून दिली. त्या जागेसाठी दोन ऑलिंपिक पदकं नावावर असलेल्या सुशील कुमारने चाचणी कुस्ती मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. आणि 25 जून 2016 ला घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. 5 जुलैच्या नमुन्यातही तेच.

‘माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं,’ असं नरसिंगचं म्हणणं. देशातल्या समितीने ते मान्य करून 1 ऑगस्टला त्याला मोकळं केलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था मात्र क्रीडा लवादाकडे गेली. 18 ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओतच निकाल लागला: चार वर्षांची बंदी.

लवादापुढची साक्ष मला फार विलक्षण वाटते. पेल्यात भुकटी मिसळली असती तर एवढं प्रमाण भरलं नसतं. पहिल्या नमुन्यातला आकडा एक-दोन गोळ्या गिळल्याशी जुळतो, असं तज्ज्ञांचं मत पडलं. दोन्ही नमुने एकत्र पाहता औषध एकदाच पोटात गेलं नसावं, असंही. शरीर औषधाचे तुकडे पाडत राहतं, ते दिवसेंदिवस लघवीतून उतरत राहतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून ते कधी आणि किती आत गेलं याचा माग काढता येतो! लवादाने ‘शक्यतांचं पारडं’ गोळ्या घेतल्याच्या बाजूला झुकतं, असं ठरवलं.

तरीही गावाकडे आजही ‘कालवलं’ हीच कथा टिकून आहे. का?

1932 साली केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी आपल्या प्रयोगांवर पुस्तक लिहिलं. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने आठवून सांगायला लावली. कथेतली सीलची शिकार साधी मासेमारी झाली, लांबट होडकं नेहमीची नाव झालं. परकं वाटलं ते गळालं किंवा ओळखीचं होऊन बसलं. माणूस आठवताना गोष्ट आपल्या साच्यात नव्याने रचतो.

तालमीचा साचा तर फार जुना. पैलवानाचं सगळं जग खुराकावर उभं: दूध, तूप, बदाम, थंडाई. वस्ताद पोरांना बजावतात, कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ नकोस. दुष्मनाने खाण्यात घालण्याची भीती कुठल्या तालमीत नाही? लवादाची गोळी या साच्यात बसत नाही. कालवलेला पेला अलगद बसतो. ही लोकांची लबाडी नव्हे. प्रमाणांचे आकडे त्यांनी पाहिलेलेच नाहीत, पेला मात्र डोळ्यांपुढे उभा राहतो.

नंतर आणखी एक नवल घडलं. मे 2021 मध्ये तरुण मल्ल सागर धनखडच्या खून प्रकरणात सुशील कुमारला अटक झाली. 2016 च्या नमुन्यांशी या प्रकरणाचा संबंध कुणीही सिद्ध केलेला नाही. तरी अनेकांनी जुनी गोष्ट नव्या प्रकाशात पाहिली, ‘बघा, मी म्हणत नव्हतो!’ असं म्हणत. पाच वर्षांपूर्वीची आठवण एका अटकेने बदलली, आणि बदलली हे बदलणाऱ्यालाच कळलं नाही.

गंमत म्हणजे पुरावा नसलेल्या बाजूने झुकणारी ही आठवण सोयीचं नसलेलं तेवढं विसरते. नरसिंगच्या खोलीतल्या सहकारी मल्लाच्या नमुन्यातही तेच औषध निघालं होतं. फडावरच्या गप्पांत हा तपशील क्वचितच येतो, कारण तो कुठल्याच बाजूला धड उपयोगी पडत नाही: कटाचा पुरावा म्हणावा तरी चालतो, दोघांनी मिळून घेतलं म्हणावं तरी चालतं.

केसरीच्या तिन्ही गदांना मात्र कुणी हात लावला नाही. त्या 2016 च्या आधीच्या. एप्रिल 2024 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून नरसिंगची निवड झाली.