त्रिकी भाषेतला सुरांचा हिशेब

मराठीत ‘आलास’ म्हणताना शेवटी आवाज चढवला की प्रश्न होतो. शब्द मात्र तोच राहतो. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात, पश्चिमेकडच्या डोंगरांत बोलल्या जाणाऱ्या त्रिकी भाषेला ही मोकळीक नाही. तिथे आवाजाची पट्टी हा शब्दाचाच भाग आहे. ती चुकली तर शब्द दुसराच होतो, नाहीतर त्याचा अर्थच लागत नाही.

ओटो-मांगे कुळातल्या या भाषेचे भाषक २५ ते ३० हजार. चिकावाश्त्ला, कोपाला आणि इतुन्योसो या तिच्या तीन मुख्य बोली, आणि सुरांचा हिशेब प्रत्येकीचा वेगळा. रॉबर्ट लाँगेकर यांनी १९५२ मध्ये चिकावाश्त्लाच्या बोलीत सुरांच्या पाच पातळ्या दाखवल्या. इतुन्योसोत क्रिस्टियन डिकॅनियो यांना नऊ सूर आढळले: चार सपाट, तीन उतरते, दोन चढते. शब्द कितीही लांब असो, हे नऊच्या नऊ भेद फक्त शेवटच्या अक्षरावर दिसतात.

नऊ हा आकडा मथळ्याला शोभतो, पण खरी गंमत व्याकरणात आहे. कोपालाच्या बोलीत ‘बोलला’ आणि ‘बोलेल’ या दोन्हींसाठी क्रियापदाच्या आधी एकच ‘क’ लागतो. भविष्यासाठी सूर खाली उतरतो, बस. सूर न नोंदवता वाक्य उतरवून घेतलं, तर काम झालं की व्हायचंय हेच कळणार नाही. इतुन्योसोत ‘मी’ दाखवायला सूर तर बदलतोच, शिवाय शब्दाच्या शेवटी ‘ह’ नसेल तर येतो आणि असेल तर जातो!

हे नुसत्या कानाने टिपणं कठीण. त्यात घशातले स्वरतंतू मध्येच आवळले गेले की पट्टीही हलते. म्हणून डिकॅनियोंनी बोलणाऱ्यांच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोड लावून स्वरतंतूंच्या उघडझापीचा आलेख घेतला. कागदावर जिथे आवाज पूर्ण तुटायला हवा, तिथे प्रत्यक्षात तो पुष्कळदा फक्त घोगरा होतो.

अशी नोंदणी गावातच होते असंही नाही. हिंसाचारामुळे कोपालाचे अनेक लोक परागंदा झाले. काही जण न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत येऊन राहिले. तिथल्या विद्यापीठात जॉर्ज आरन ब्रॉडवेल यांनी त्यांच्यासोबत काम केलं, आणि २००९ मध्ये सूर्य-चंद्राच्या जन्माची कथा पुस्तकरूपात आली. शब्दांच्या यादीपेक्षा अशी सलग कथा अभ्यासकाच्या जास्त कामाची. तीत तीच क्रियापदं काळ बदलून, बोलणारा बदलून पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांचा सूर नेमका कुठे सरकतो ते सापडतं.