चूल, तवा आणि भाता

‘आगीतून निघून फुफाट्यात पडणे’ हा वाक्प्रचार आमच्या शाळेतील आठवीच्या वर्गाला वाक्यात उपयोग करण्यासाठी दिला होता. बहुतेक वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होती. परंतु फुफाटा म्हणजे काय, असे विचारताच एका हुशार विद्यार्थ्याने ‘आगीहून मोठी आग’ असे उत्तर दिले. त्याच्या घरी गॅसची शेगडी आहे. फुफाटा त्याने कधी पाहिलेला नाही. मागच्या बाकावर कोलामांच्या गुड्यातून येणारा एक मुलगा होता. मराठी ही त्याची मातृभाषा नव्हे. तो उभा राहून म्हणाला, “वरून राख दिसते गुरुजी, खाली विस्तव असतो. पाय पडला की कळते.”

या उत्तराने आम्हांस विचारात टाकले. पहिल्या विद्यार्थ्यास परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. अर्थ मात्र दुसऱ्याजवळ होता. आगीतून सुटलेला मनुष्य अधिक मोठ्या आगीत पडतो, असे हा वाक्प्रचार सांगतच नाही. सुटलो असे वाटायला लावणाऱ्या, वरून शांत दिसणाऱ्या जागी त्याचा पाय भाजतो, हे त्याचे मर्म आहे. हे मर्म ज्या चुलीपाशी जन्मले, ती चूल आता अनेक घरांतून जात आहे. भाषेच्या शिक्षकाने अशा वेळी काय करावे, हा प्रश्न आमच्यापुढे आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी चूल, तवा आणि लोहाराचा भाता यांच्याकडे थोडे बारकाईने पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

आदिलाबादचा प्रदेश या कामास विशेष अनुकूल आहे. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख जुन्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, तर मुधोळचा भाग नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादेस जोडला गेला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा हलल्या, तरी चुली जागच्या जागी राहिल्या. जैनथ, बेला, भीमपूर या भागांत मराठी, तिच्या शेजारी तेलुगू, डोंगराकडे गोंडी व कोलामी, तांड्यांवर लमाणी आणि बाजारात दखनी, अशा अनेक भाषांत येथे एकच स्वयंपाक होतो. आमच्या चुलीला तेलुगू शेजारीण ‘पोय्यि’ म्हणते, आणि तिच्यातील आगीला गोंड व कोलाम ‘किस’ म्हणतात. १९४० नंतरच्या वर्षांत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने मारलावाई येथे गोंडी शाळांचे काम उभे राहिले, तेव्हा गोंडी वाचनमाला देवनागरी लिपीत छापल्या गेल्या. तेव्हा शेजारच्या भाषेचे शब्द आपल्या लिपीत लिहून घेणे ही येथे काही नवी गोष्ट नव्हे.

प्रथम सरपण. शहरातील वाचकास सर्व लाकूड सारखे वाटते. चुलीपुढे बसणारी बाई असे कधी मानीत नाही. बाभूळ आणि धावडा यांचा निखारा टिकतो. पळस लवकर जळून जातो आणि धूर फार करतो. साग जाळणे म्हणजे घराची तुळई जाळणे. कापसाच्या या मुलुखात जंगलापासून दूर असलेल्या गावांचे खरे जळण म्हणजे पऱ्हाटी आणि तुराट्या. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटून घरामागे रचतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती पुरवावयाची असते. तिच्या जोडीला गोवऱ्या, ज्वारीची धसकटे आणि चिपाडे असतात.

सरपण पावसाच्या आत कोरडे करून ठेवण्यामागील कारणही विद्यार्थ्यांस समजावून देण्यासारखे आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते. असे लाकूड चुलीत घातले की आगीची पुष्कळशी उष्णता आधी त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. जाळ थंड पडतो, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि तेच धूर होऊन डोळ्यांत जातात. ‘ओल्याबरोबर सुकेही जळते’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. परंतु ओले जाळण्यासाठी सुक्याला किती झिजावे लागते, हे चूल फुंकणारीलाच ठाऊक असते.

आगीच्या अवस्थांना मराठीत जे शब्द आहेत, त्यांचा क्रम लावून पाहावा. काटक्यांचा उठतो तो जाळ. जाळाची दुरून लागते ती झळ, आणि जवळ बसल्यावर सतत जाणवते ती धग. जाळ ओसरला की लाकडाचा होतो तो निखारा. ग्रामीण बोलीत आणि जुन्या मराठीत त्यालाच इंगळ म्हणतात. निखाऱ्यावर राखेचा थर चढला की तो फुफाटा, आणि शेवटी उरते ती राख. लाकूड ओले असेल तर ते पेटत नाही, धुमसते. फुंकणीने वारा घातला तर निखारा फुलतो. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकताना जाळ हवा. ती उलटून झाली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करावी लागते, तेव्हा तिला पापुद्रा सुटतो. आणि रताळे किंवा कांदा भाजावयाचा तो फुफाट्यात. ज्या घरात ही तीन कामे होतात त्या घरात हे तीन शब्द जिवंत असतात.

सरपण ही केवळ घरगुती बाब कधीच नव्हती, हेही या प्रदेशात विसरून चालणार नाही. निजामी राजवटीत जंगले राखीव झाली, तेव्हा गुरे चारणे आणि जंगलातून लाकूड आणणे यांवर बसलेली बंधने व वसुली हे गोंड-कोलामांच्या असंतोषाचे एक मोठे कारण झाले. कुमरम भीम यांचा लढा आणि १९४० मधील जोडेघाटचे त्यांचे बलिदान यांमागे जमिनीच्या प्रश्नाबरोबर हा जंगलाचा प्रश्नही होता. म्हणून ‘मोळी’ हा शब्द आमच्या वर्गात शिकवताना तो केवळ ‘लाकडांचा बांधलेला भारा’ एवढ्या अर्थावर संपत नाही.

आता तवा. या भागात तव्याचे तीन प्रकार पाहावयास मिळत. पहिले मातीचे खापर, कुंभाराच्या हातचे. दुसरा घडीव लोखंडी तवा, लोहाराने पत्रा ठोकून खोलगट केलेला. तिसरा बिडाचा तवा, हा साच्यात ओतलेला. ‘बीड’ हा शब्द अनेक शिक्षकांनाही संदिग्ध वाटतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण सुमारे दोन ते चार टक्के असते आणि त्यामुळे ते साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळते. शुद्ध लोखंडास वितळण्यासाठी १५३८ अंशांपर्यंत तापवावे लागते. म्हणूनच बीड साच्यात सहज ओतता येते. परंतु ज्या कार्बनमुळे ही सोय होते, त्याच कार्बनमुळे ते ठिसूळही होते.

दोन तव्यांच्या स्वभावांतील भेद चुलीशी जुळवून पाहिला तर अधिक उलगडतो. घडीव तवा पातळ असतो. तो लवकर तापतो व लवकर निवतो. बाभळीचा निखारा संथ असेल तर असा तवा पुरतो. पऱ्हाटीचा जाळ मात्र भडकतो आणि पडतो. तेथे जड बिडाचा तवा उपयोगी पडतो, कारण तो सावकाश तापून उष्णता धरून ठेवतो. ओली भाकरी पडली तरी एकदम निवत नाही आणि जाळाचे चढउतार स्वतःत जिरवतो. नव्या बिडाच्या तव्याला तेल चोळून तो पुनःपुन्हा तापवला की तेलाचा एक काळा, कठीण थर त्यावर धरतो. पुढे गंज लागत नाही आणि पदार्थही चिकटत नाही. राख-चिंचेने घासून हा थर काढणारी नवी सून आणि तो जपणारी सासू यांच्यातील वाद अनेक घरांनी ऐकला असेल. या बाबतीत रसायनशास्त्र सासूच्या बाजूचे आहे.

या दोन तव्यांचा खरा भेद ते पडतात तेव्हा दिसतो. घडीव तव्याला पोचा येतो; लोहार तो तापवून, ठोकून सरळ करतो. बिडाचा तवा दगडावर पडला तर तडकतो, आणि लोहाराच्या भट्टीत त्याला जोड मिळत नाही. आज विजेच्या वेल्डिंगने, त्यासाठीची खास कांडी वापरून, बीड सांधता येते. पण तव्यासाठी तो खर्च कोणी करीत नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वचन आपण वीरांच्या तोंडी घालतो. धातूंत पाहिले तर ते बिडाचे ब्रीद आहे. गावाचा संसार मात्र वाकणाऱ्या आणि पुन्हा सरळ होणाऱ्या लोखंडावर चालत आला.

तो चालवणारा लोहार, आणि त्याचा भाता. गावगाड्यात लोहारास बलुते मिळे. खळ्यावर धान्य द्यावयाचे आणि वर्षभर फाळ, वखराची पास, विळे, कुऱ्हाडी त्याच्याकडून पाजवून घ्यावयाच्या. दुरुस्ती ही त्या व्यवस्थेत अपवादाची बाब नव्हती, तोच नित्याचा व्यवहार होता. या व्यवस्थेत उच्चनीचतेचा जाच होता, हे सांगितल्यावाचून तिची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि वस्तू टाकण्यापूर्वी तिला भट्टीचे दार दाखवावे ही शिकवण तिच्यात होती.

या प्रदेशातील लोहकामाची परंपरा सामान्य नव्हे. निर्मळहून फार दूर नसलेल्या, आजच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम् या गावी मुशीत पोलाद तयार होत असे. भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉइसी याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते काम पाहिले. त्याचे टिपण १८३२ साली प्रसिद्ध झाले. हे पोलाद नेण्यासाठी इराणातील इस्फहानहून व्यापारी तेथे येत. त्या भट्ट्यांनाही इंधन म्हणून याच जंगलाचा कोळसा लागे. चूल आणि भट्टी यांचे नाते इतके जवळचे आहे.

लोहाराच्या कामातील एक क्रिया आम्ही विद्यार्थ्यांस आवर्जून सांगतो, ती म्हणजे बैलगाडीच्या चाकास धाव चढवणे. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती लाकडी घेरापेक्षा किंचित लहान करतात. मग जमिनीवर ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचून पेटवतात. सुमारे पाच फूट व्यासाच्या चाकाचा परिघ साडेपंधरा फुटांच्या आसपास असतो. पट्टी पाचशे अंशांनी तापली तर तिची लांबी एक इंचाहून थोडी अधिक वाढते. तेवढ्या अवसरात सांडशांनी उचलून ती चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. धाव आकसते आणि आरे, घेर व तुंबा यांना एकत्र आवळून धरते. एकही खिळा न मारता चाक घट्ट होते. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली की हेच पुन्हा करावयाचे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील ‘उष्णतेने प्रसरण’ हे प्रकरण येथे गोवऱ्यांच्या आगीवर घडते.

तीच गोष्ट ‘पाणी देणे’ या शब्दाची. विळ्याची धार लाल तापवून पाण्यात बुडवली की ती कठीण होते. परंतु हे पोलादातच घडते, मऊ लोखंडात नाही. म्हणून आजचा लोहार मोटारीच्या कमानीचा जुना पाटा मिळवून त्याचे विळे करतो. कुऱ्हाडीस दांडा हवा तो धावड्याचा, कारण ते लाकूड चिवट असते. एकदा हा दांडा हातात घेऊन पाहिला की ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मुलांस निराळी समजावून द्यावी लागत नाही.

चुलीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. चुलीच्या धुराने किती स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे गेली, हे आम्ही आमच्याच घरांत पाहिले आहे. डोक्यावर मोळी घेऊन कोसभर चालणाऱ्या मुली आमच्या वर्गात पहिल्या तासाला उशिरा येत आणि पेंगत असत. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर पुष्कळ गरीब घरांत गॅस पोचला, ही चांगलीच गोष्ट झाली. धूर जावाच. फुफाटा हा शब्द टिकावा म्हणून कोणा मुलीने चूल फुंकत बसावे, असे म्हणणारा शिक्षक आपल्या व्यवसायास लायक नव्हे.

परंतु धुराबरोबर शब्दही आपोआप जावेत असे नाही. पुष्कळ घरांत आज दोन्ही आहेत: चहा गॅसवर, आणि पाणी तापवणे व भाकऱ्या चुलीवर. म्हणजे हे शब्द जाणणारी माणसे अद्याप समोर आहेत, आणि हाच संग्रहाचा काळ आहे. आम्ही आमच्या शाळेत एक साधी वही ठेविली आहे. विद्यार्थ्याने घरातील एका वस्तूचे नाव घरच्या भाषेत लिहावयाचे, शेजारच्या भाषेतील नाव विचारून त्यापुढे देवनागरीत मांडावयाचे आणि ती वस्तू मोडली तर काय करतात, ते एका वाक्यात सांगावयाचे. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला. वस्तूचे नाव कोशात सापडते. तिच्या दुरुस्तीचे शब्द बहुधा करणाऱ्याच्या तोंडीच राहतात.

साहित्य संस्थांच्या सभासदांनी व शिक्षकांनी आपापल्या गावी अशी वही उघडावी, एवढीच आमची सूचना आहे. त्यास अनुदान लागत नाही. आमच्या वहीतील पहिली नोंद त्या कोलाम मुलाची आहे. वस्तूच्या रकान्यात त्याने ‘किस’ लिहिले, शेजारी ‘विस्तव’ लिहिले, आणि मोडल्यास काय करतात या प्रश्नापुढे लिहिले: “विझला तर शेजारून आणतात.”