मुलांच्या पोटातील डायलिसिसची नळी : शस्त्रक्रिया आणि घरची निगा

मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलाचे पालक आम्हांस प्रथम विचारतात, “डायलिसिससाठी आता आठवड्यातून तीनदा पुण्यास न्यावे लागणार का?” पुणे-सातारा महामार्गावरील किकवीहून पुण्यास जाणे फार अवघड नाही. परंतु भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील एखाद्या वाडीवरून पावसाळ्यात महामार्ग गाठणे, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास यंत्राशेजारी बसणे आणि रात्री घरी परतणे, यात मुलाची शाळा बुडते व आईवडिलांची मजुरीही बुडते. अशा अनेक मुलांसाठी पोटातील डायलिसिस हा अधिक सोयीचा मार्ग ठरतो. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी त्याची माहिती येथे देत आहोत.

आपल्या पोटाच्या आतील बाजूस आणि आतड्यांवर एक पातळ पडदा असतो. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पोटात शर्करायुक्त निर्जंतुक द्रव सोडून काही तास ठेवला की रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी या पडद्यातून त्यात उतरतात. तो द्रव काढून नवा भरावयाचा, एवढेच हे तंत्र. हाताने केल्यास दिवसातून साधारण चार वेळा ही अदलाबदल करावी लागते. त्यास वीज लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. लहान मुलांच्या रक्तवाहिन्या बारीक असल्याने रक्ताचे डायलिसिस त्यांना विशेष कठीण जाते. म्हणूनही हा मार्ग बालरोगतज्ज्ञांना अनेकदा श्रेयस्कर वाटतो.

या साऱ्याचा आधार म्हणजे सिलिकॉनची एक मऊ नळी. अमेरिकेतील डॉ. हेन्री टेन्कॉफ यांनी १९६८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आजही बहुतेक ठिकाणी तिचीच रूपे वापरली जातात. नळीवर पॉलिएस्टरच्या तंतूंचे एक किंवा दोन कडे असतात. शरीरातील पेशी त्यात वाढून नळी घट्ट धरतात आणि जंतूंना आत शिरण्यास अटकाव करतात.

मुलांमध्ये ही शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन, उघड्या पद्धतीने किंवा दुर्बिणीने, बालशल्यचिकित्सक करतात. ती फार मोठी नसली तरी तीत बारकावे पुष्कळ आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविकाची मात्रा देतात. नळीचे टोक ओटीपोटाच्या तळाशी ठेवतात. आतड्यांवरील चरबीचा पदर नळीभोवती गुंडाळून ती बंद पाडू शकतो, म्हणून मुलांमध्ये त्याचा काही भाग बहुधा काढून टाकतात. जांघेत हर्निया असल्यास द्रवाच्या दाबाने तो वाढतो, म्हणून तो त्याच वेळी दुरुस्त करतात. नळी बाहेर पडण्याचे छिद्र खाली किंवा बाजूस तोंड केलेले असते, म्हणजे घाम व पाणी तेथे साचत नाही. ते कमरपट्ट्याच्या आणि तान्ह्या मुलाच्या लंगोटाच्या जागेपासून दूर ठेवतात.

शक्य असल्यास नळी वापरण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे थांबतात. घाई केल्यास जखमेतून द्रव गळतो. तातडीने सुरू करावेच लागले, तर मुलास निजवून, वजनाच्या दर किलोमागे १० ते २० मिलिलिटर इतक्या अल्प प्रमाणापासून आरंभ करतात.

येथपर्यंतचे कार्य मोठ्या शहरातील तज्ज्ञांचे. यापुढचे कार्य मात्र घरचे आहे, आणि नळी किती टिकते हे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते. समजा, किकवीजवळच्या वाडीवरील नऊ वर्षांच्या मुलास नळी बसवली आहे. त्याच्या आईस साबणाने हात धुणे, तोंडास मुखपट्टी बांधणे, दार व पंखा बंद करून पिशवी जोडणे हे सारे शिकावे लागते. नीरेच्या पात्रात वा विहिरीत पोहणे त्या मुलास वर्ज्य. बद्धकोष्ठ होऊ देता कामा नये, कारण त्यामुळे द्रवाचा निचरा अडतो. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखू लागले किंवा ताप आला, तर पोटातील पडद्यास जंतुसंसर्ग झाला असे समजून ती पिशवी घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळीच औषध मिळाल्यास बहुतेक मुले बरी होतात. विलंब झाल्यास नळी काढावी लागते, आणि क्वचित प्राणावरही बेतते.

दीर्घकाळ मूत्रपिंडे निकामी राहिलेल्या मुलांसाठी हा उपचार बहुधा मूत्रपिंड प्रत्यारोपणापर्यंतचा पूल असतो. परंतु त्या पुलावर मुलाचे वाढते वय जाते, शाळेची वर्षे जातात. म्हणून तो भक्कम असला पाहिजे.

देणगीदारांनी दिलेला पैसा केवळ शस्त्रक्रियेच्या मेजापाशी संपत नाही, हे येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. दरमहा लागणाऱ्या द्रवाच्या पिशव्या, मलमपट्टीचे साहित्य, पिशव्या ठेवण्यास कोरडी जागा आणि आईस शिकविणाऱ्या परिचारिकेचा वेळ, यांवाचून उत्तम बसविलेली नळीही निरुपयोगी ठरते. आपल्या साहाय्याने एका घरातील दोन हात नीट शिकले, तर एक मूल पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ शकते. या कार्यास आपला हातभार असाच लाभत राहावा, ही विनंती.