वकिली करता करता वर्तमानपत्रात लिहिता येतं का?

बारावीचा निकाल लागला की भिवंडीत पालकांचे ठरलेले प्रश्न सुरू होतात. मेडिकल की इंजिनिअरिंग, नाहीतर सरळ डीएड-बीएड. अलीकडे मात्र काही मुली वेगळंच विचारतात. "सर, वकील व्हायचंय, पण लिहायचंही आहे. दोन्ही चालतं का?" घरच्यांचं म्हणणं एकच, काहीतरी एक धर.

दोन्ही चालतं, पण त्याला नियमाची मर्यादा आहे. ती आधी पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला कुणाकडेही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे दिवसा कोर्टात वकील आणि शिवाय वर्तमानपत्राचा पूर्णवेळ पगारी बातमीदार, हे जमणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एका प्रकरणात हाच मुद्दा आला. तेव्हा बार कौन्सिलने हीच भूमिका मांडली आणि संबंधित वकिलाने पत्रकारिता करणार नसल्याची हमी दिली. ही बातमी वाचून अनेकांनी समज करून घेतला की वकिलाने लेखणी उचलायचीच नाही. पुढचा नियम ५१ कुणी वाचला नाही. त्यात लेखन, पत्रकारिता, प्रसारण, व्याख्यान आणि अध्यापन यांना मुभा आहे. वर्तमानपत्रात छापण्याआधी मजकूर कायद्याच्या नजरेने तपासून देण्याचं कामही वकील करू शकतो. अट इतकीच की पूर्णवेळ नोकरी नको आणि स्वतःची जाहिरात नको. लेखाखाली "अशा केससाठी संपर्क साधा" असं छापलं की गडबड झालीच.

या मर्यादेत राहून माणूस किती काम करू शकतो, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या मुंबईतच आहे. अब्दुल गफूर नूरानी, म्हणजे ए. जी. नूरानी. जन्म १९३० चा. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकले, मुंबई हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात वकिली केली. शेख अब्दुल्ला दीर्घकाळ नजरकैदेत होते, तेव्हा त्यांचं वकीलपत्र नूरानींकडे होतं. त्याच वेळी वर्तमानपत्रांत आणि 'फ्रंटलाइन'सारख्या नियतकालिकात ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. भगतसिंगांचा खटला, कलम ३७०, बाबरी मशीद या विषयांवर त्यांची पुस्तकं आहेत. २९ ऑगस्ट २०२४ ला मुंबईत त्यांचा इंतकाल झाला.

त्यांची पद्धत साधी होती. आधी कागद, मग मत. बाबरीवरच्या दोन खंडांत भाषणबाजी शोधाल तर हाती कागदपत्रंच लागतील. कोर्टात पुराव्याशिवाय बोलता येत नाही, तीच सवय त्यांनी लेखात आणली. पण एक गोष्ट बोललीच पाहिजे. नूरानी इंग्रजीत लिहीत आणि त्यांचे लेख सोपे नसत, लांबलचक उतारे असत. शांतीनगरमधल्या लूमच्या कारखान्यापर्यंत ते पोचले नाहीत. तिथे पोचला तो व्हॉट्सअॅप.

मराठीत हे काम आधी झालेलं आहे. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतले आणि मुंबईत वकिली सुरू केली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक काढलं. तळ्याचा दावा पुढे हायकोर्टापर्यंत गेला, १९३७ मध्ये निकाल लागला. दहा वर्षं कोर्ट चालू होतं, पण आपला हक्क काय, हे लोकांना मराठीत वाचायला मिळत होतं. पुढे १९३५ मध्ये बाबासाहेब प्राचार्य झाले ते त्याच गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे.

आपल्याकडे याची गरज किती आहे, ते तीन तलाकच्या वेळी दिसलं. २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, २०१९ मध्ये कायदा झाला. मोहल्ल्यात चर्चा एकच, "तलाकच बंद झाला." कायद्यात तसं नाही. एका दमात दिलेला, मागे न घेता येणारा तलाक तेवढा रद्दबातल आणि गुन्हा ठरला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. टप्प्याटप्प्याने दिला जाणारा तलाक किंवा खुला या कायद्यात येत नाही. तक्रार कुणीही परका करू शकत नाही. ती बायकोने किंवा तिच्या रक्ताच्या वा लग्नाच्या नात्यातल्या माणसानेच करायची. बायकोचं म्हणणं ऐकल्याशिवाय नवऱ्याला जामीन नाही. तिची इच्छा असेल तर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने तडजोडही होते. कायदा पटो न पटो, ही माहिती मुलीच्या बापाला आणि मुलाच्या आईला दोघांनाही हवी होती. ज्या वकिलांना ती ठाऊक होती, त्यांच्यापैकी किती जणांनी ती मराठीत किंवा उर्दूत लिहिली?

भिवंडीपुरतं आणखी एक. मे १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. अहवाल इंग्रजीत आणि भला मोठा. ज्या गावाबद्दल तो लिहिला, त्या गावातल्या घरांत मी तो कधी पाहिला नाही, त्याच्याबद्दल फक्त ऐकायला मिळतं.

तर मुलींनो, बारावीनंतर पाच वर्षांची एलएलबी किंवा पदवीनंतर तीन वर्षांची, दोन्हीसाठी राज्याची सीईटी. मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी आणि ऑल इंडिया बार परीक्षा. लिहिण्याची तयारी मात्र आजच सुरू करता येते. नववीच्या वर्गात मी एक सराव घेतो. घरी आलेली कुठलीही सरकारी किंवा बँकेची नोटीस आणायची आणि दादीला समजेल अशी पाच ओळींत लिहायची. एका मुलीने बँकेच्या नोटिशीतलं "कसूर केल्यास" काढून "वेळेत भरले नाहीत तर" असं लिहिलं. पैसे भरायची तारीख तिने पहिल्या ओळीत घेतली. मूळ नोटिशीत ती दुसऱ्या पानावर होती.