जेनेरिक प्रकार

जेनेरिक प्रकार : संगणकाच्या कार्यक्रमण भाषांतील एक रचना. एखाद्या प्रकाराच्या व्याख्येत दुसऱ्या प्रकारासाठी जागा मोकळी ठेवून ती वापराच्या वेळी भरली जात असल्यास त्यास जेनेरिक प्रकार म्हणतात. उदा., ‘पेटी’ची व्याख्या एकदाच लिहून तीपासून आंब्यांची वा पुस्तकांची पेटी सिद्ध करता येते. मोकळ्या जागेस प्रकार-प्राचल अशी संज्ञा आहे.

बंधने : पेटीतील वस्तू क्रमाने लावावयाच्या असतील, तर त्यांची परस्परांशी तुलना करता आली पाहिजे. अशी अट प्राचलावर घालणे म्हणजे बंधन होय. बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०–८० या दशकात विकसित केलेल्या सीएलयू भाषेत अशी सोय होती.

प्रचरण : वस्तुलक्षी भाषांत ‘आंबा’ हा ‘फळ’ याचा उपप्रकार मानता येतो, म्हणजे फळ अपेक्षित असेल तेथे आंबा चालतो. मात्र फळांच्या पेटीऐवजी आंब्यांची पेटी चालेल काय, याचे उत्तर पेटीच्या वापरावर अवलंबून असते. पेटीतून वस्तू केवळ काढावयाच्या असतील, तर ती चालते. कारण निघालेला प्रत्येक आंबा फळच असतो. या संबंधास सहगामी म्हणतात. पेटीत वस्तू केवळ ठेवावयाच्या असतील, तर संबंध उलटतो : कोणतेही फळ स्वीकारणारी पेटी आंबे ठेवण्यास चालते. हा विरुद्धगामी संबंध होय. दोन्ही क्रिया शक्य असतील, तर कोणतीही अदलाबदल सुरक्षित नसते. कारण आंब्यांची पेटी फळांची समजून कोणी तीत पेरू ठेवील आणि आंबाच निघेल या भरवशावर लिहिलेला भाग फसेल. अशा प्रकारास अचल म्हणतात.

जावा भाषेत (१९९५) आरंभी जेनेरिक प्रकार नव्हते आणि तिच्यातील सारण्या (ॲरे) सहगामी ठेवण्यात आल्या. त्यामुळे वरील पेरूसारखी चूक कंपायलरला दिसत नाही. ती कार्यक्रम चालू असताना, सारणीत वस्तू ठेवतेवेळी उघड होते. २००४ मध्ये या भाषेत आलेले जेनेरिक प्रकार मात्र अचल आहेत. सहगामी वा विरुद्धगामी वापर हवा असल्यास तो वापराच्या ठिकाणी नमूद करावा लागतो. स्काला भाषेत ही खूण प्रकाराच्या व्याख्येतच करतात. सी-शार्पमध्येही २०१० पासून आंतरपृष्ठांच्या (इंटरफेस) व्याख्येत ती करता येते. या नियमांमुळे लेखकाचे स्वातंत्र्य काहीसे कमी होते. परंतु चूक वापरणाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कंपायलर ती अडवू शकतो.