काल दोन तारीख, आज चौदा!

1752 सालच्या सप्टेंबरात, बुधवारी, 2 तारखेच्या रात्री इंग्लंड नेहमीसारखं झोपी गेलं. सकाळी उठलं तेव्हा वार गुरुवारच होता, तारीख मात्र 14. मधल्या अकरा तारखांना त्या वर्षी तिथे कुणी जन्मलं नाही, कुणाचं लग्न झालं नाही, कुणी मेलं नाही. पार्लमेंटने कायदा करून त्या काढून टाकल्या होत्या.

आधुनिक युरोप म्हटलं की आपल्याला वाफेचं इंजिन, गिलोटिन, नेपोलियन आठवतात. मला मात्र त्याहून जास्त ओढ आहे ती त्या खंडाने घड्याळाशी आणि कॅलेंडरशी घातलेल्या झटापटीची. आज आपल्या भिंतीवर जे टांगलेलं आहे आणि मनगटावर जे बांधलेलं आहे, ते याच भांडणातून आलंय.

भांडणाचं मूळ अकरा मिनिटांत. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरने वर्ष 365 दिवस 6 तासांचं धरलं होतं. खरं वर्ष त्याहून सुमारे 11 मिनिटांनी लहान. शतकानुशतकं ही मिनिटं साचत गेली आणि वसंतसंपात दहा दिवस मागे सरकला, त्यामुळे ईस्टरचा हिशेब बिघडला. मग पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये फर्मान काढलं: 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर! स्पेनची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली. म्हणून तिच्या मृत्यूपासून दफनापर्यंत कागदावर दहा दिवस जास्तीचे दिसतात.

कॅथलिक देशांनी हे लगेच मानलं. प्रोटेस्टंट देशांना पोपचं कॅलेंडर नको होतं. त्यामुळे पुढची दीडशेहून अधिक वर्षं युरोपात सरहद्द ओलांडली की तारीख बदलायची. गॅलिलिओ गेला त्याच साली न्यूटन जन्मला, असं आपण शाळेत कौतुकाने ऐकतो. गॅलिलिओ इटलीत वारला 8 जानेवारी 1642 ला, नव्या कॅलेंडरने. न्यूटन इंग्लंडात जन्मला 25 डिसेंबर 1642 ला, जुन्या कॅलेंडरने. दोघांना एकाच कॅलेंडरवर बसवलं की न्यूटनचा जन्म 4 जानेवारी 1643 ला जातो!

आणि ही सरहद्द फक्त युरोपात नव्हती. ती आपल्या माहीमच्या खाडीतून जात होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात खाडीच्या अलीकडे, माहीमला, कंपनीचे इंग्रज होते. पलीकडे, वांद्र्याला, पोर्तुगीज. इंग्रजांचं कॅलेंडर जुनं, पोर्तुगीजांचं नवं. म्हणजे होडीत बसून वांद्र्याला उतरलं की माणूस दहा दिवस पुढे जायचा आणि परत आला की दहा दिवस मागे! त्यात इंग्रजांचं नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. त्यामुळे फेब्रुवारीत माहीमला 1674 चालू असेल, तर वांद्र्याला 1675 उजाडलेलं असायचं. 1739 पर्यंत वांद्रे मराठ्यांकडे गेलं, तोवर हा प्रकार चालू होता.

रायगडावरचा राज्याभिषेक आपण 6 जून 1674 चा मानतो. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील तेव्हा गडावर हजर होता आणि 6 जून ही तारीख त्याच जुन्या इंग्रजी कॅलेंडरची आहे. नव्या कॅलेंडरने तो दिवस येतो 16 जूनला. आपली तिथी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, दोन्हीकडे तीच!

इंग्लंडने शेवटी 1752 मध्ये मान तुकवली. त्याआधी 1751 चं वर्ष 25 मार्चला सुरू करून 31 डिसेंबरलाच संपवलं, म्हणजे अवघ्या 282 दिवसांचं. वसाहतींनाही हा कायदा लागू होता. तिकडे व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन नावाचा विशीतला तरुण होता. तो जन्मला होता 11 फेब्रुवारी 1731 ला. झाला 22 फेब्रुवारी 1732 चा. तारीख बदलली आणि सालही! ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून लोकांनी दंगली केल्या, असं आवर्जून सांगितलं जातं. इतिहासकारांना अशा दंगलींचा भक्कम पुरावा सापडलेला नाही.

स्वीडनने केलं ते मात्र कुणीच केलं नाही. एकदम उडी नको, चाळीस वर्षं लीप दिवस गाळत हळूहळू जाऊ, असं त्यांनी ठरवलं. 1700 चा लीप दिवस गाळला. मग मोठं युद्ध पेटलं आणि 1704, 1708 चे लीप दिवस गाळायचे राहूनच गेले. आता स्वीडन ना जुन्यात, ना नव्यात. गोंधळ निस्तरायला त्यांनी पुन्हा जुन्याकडे जायचं ठरवलं आणि त्यासाठी 1712 च्या फेब्रुवारीत एक दिवस वाढवला. लीप वर्षच होतं, 29 होतीच. म्हणून आली 30 फेब्रुवारी! रशिया तर 1918 पर्यंत जुन्यावरच अडून होता. म्हणून तिथली ऑक्टोबर क्रांती नव्या कॅलेंडरने नोव्हेंबरात पडते.

पण खरी धमाल फ्रान्सची. राजा गेला, आता राजाचं आणि चर्चचं कॅलेंडरही नको, असं क्रांतिकारकांनी 1793 मध्ये ठरवलं. बारा महिने, प्रत्येक तीस दिवसांचा, उरलेले पाच-सहा दिवस वर्षाच्या शेवटी सणाचे. महिन्यांना नावं हवामानाची आणि पिकांची: ब्रुमेर धुक्याचा, निवोज बर्फाचा, थर्मिडोर उन्हाच्या काहिलीचा. संतांची नावं पुसून प्रत्येक दिवसाला एखादं झाड, फळ, जनावर किंवा अवजार बहाल केलं. वर्षाचा पहिला दिवस द्राक्षाचा. एक दिवस गाजराचा, एक बटाट्याचा, एक गाढवाचा. 28 डिसेंबर शेणखताचा! आणि 25 डिसेंबरला, म्हणजे साऱ्या ख्रिस्ती जगाच्या मोठ्या सणाला, निवोज महिन्याची पाच तारीख यायची आणि तो दिवस होता कुत्र्याचा. शेतकऱ्याच्या घरात जे जे असतं त्याला कॅलेंडरात मानाचं पान द्यायचं, ही कल्पना मला फार मोठी वाटते.

गाडं अडलं ते आठवड्यावर. दहा दिवसांचा आठवडा, दहाव्या दिवशी सुट्टी. आधी सातव्या दिवशी विसावा मिळणाऱ्या कष्टकऱ्यांना हे कसं परवडावं? दिवसाचे तासही दहाच केले, तासाची मिनिटं शंभर, मिनिटाचे सेकंद शंभर. नव्या तबकड्यांची घड्याळं बनली, पण दहा तासांची सक्ती 1795 मध्येच मागे घ्यावी लागली. महिन्यांची ही नावं ज्या कवीने दिली, त्या फाब्र देग्लांतीनचं डोकं त्यानेच नाव दिलेल्या जेर्मिनाल महिन्यात गिलोटिनखाली गेलं. 1 जानेवारी 1806 पासून नेपोलियनने ते कॅलेंडरच बंद केलं.

तारखा जुळत आल्या तेवढ्यात रेल्वे आली आणि भांडण मिनिटांवर आलं. तोवर प्रत्येक गावाची दुपार आपापली. सूर्य माथ्यावर आला की बारा. ब्रिस्टॉल लंडनच्या पश्चिमेला, म्हणून तिथले बारा दहा मिनिटं उशिरा वाजायचे. रेल्वे धावायची लंडनच्या वेळेवर आणि गावच्या घड्याळावर भरवसा ठेवणाऱ्याची गाडी चुकायची. ब्रिस्टॉलच्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला म्हणून दोन मिनिटकाटे बसवले, एक लंडनचा, एक गावचा. ते दोन्ही काटे आजही तिथे आहेत.

फ्रान्समध्ये प्रवाशांची काळजी वेगळ्या तऱ्हेने घेतली. स्टेशनच्या बाहेरचं घड्याळ बरोबर आणि आतलं मुद्दाम पाच मिनिटं मागे, म्हणजे धावतपळत आलेल्याला गाडी मिळावी. 1884 मध्ये वॉशिंग्टनला 25 देश जमले आणि रेखांशाचं शून्य ग्रीनिचला असावं असं ठरलं. फ्रान्सने मत दिलं नाही. 1911 मध्ये अखेर ग्रीनिचची वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रीनिचचं नाव येऊ दिलं नाही. लिहिलं काय, तर ‘पॅरिसची वेळ, 9 मिनिटं 21 सेकंद मागे’! मुंबईकरांना हा मानीपणा परका वाटू नये. भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, तरी तिच्याहून 39 मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ या शहराने 1955 पर्यंत जपली.

या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जवळची वाटते ती रूथ बेलव्हिल. लंडनमध्ये ती वेळ विकायची. ग्रीनिच वेधशाळेत नोकरी करणाऱ्या तिच्या वडिलांनी 1836 मध्ये हा धंदा सुरू केला. त्यांच्यामागे आईने चालवला आणि 1892 पासून रूथने. दर आठवड्याला ग्रीनिचला जायचं, खिशातलं जॉन अर्नल्डने बनवलेलं घड्याळ तिथे ताडून घ्यायचं, किती सेकंदांचा फरक आहे त्याचा दाखला घ्यायचा आणि मग लंडनभर पायपीट करायची. घड्याळजी आणि दुकानदार तिचं घड्याळ पाहून आपलं घड्याळ लावून घ्यायचे. झालं काम, पुढच्या दारी.

तारेने वेळ पाठवणाऱ्या कंपन्या आल्या. रेडिओ आला. 1936 मध्ये फोनवर वेळ सांगणारी यंत्रणा सुरू झाली. रूथची फेरी थांबली नाही. 1908 मध्ये एका भाषणात तिच्या धंद्यावर टीका झाली, तिची वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि रूथची गिऱ्हाइकं उलट वाढली.

ती थांबली 1940 मध्ये. लंडनवर बॉम्ब पडत होते आणि तिचं वय होतं 86. शंभरहून अधिक वर्षं एका घराने सांभाळलेलं ते घड्याळ आता लंडनच्या घड्याळजींच्या संघाच्या संग्रहात आहे.